दुखत नाही, मग दाखवायचं कशाला? – वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर एका चौकटीत 'कॅन्सरच्या तपासण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा' एवढंच छापलं होतं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळं मिळून इतके प्रश्न आले की सगळ्यांना इथं उत्तर देणं शक्य नाही, त्यातले सात घेतलेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत. वाचताना एक वाक्य सारखं समोर येत होतं, 'पण दुखत काहीच नाहीये.' त्यामुळे आधी तेवढं सांगून टाकते. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेकदा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा तो बऱ्याचदा नसांपर्यंत, हाडापर्यंत पोचलेला असतो. तालुक्याच्या गावात वीस वर्षं ओपीडी केली, आणि 'आत्ता दुखायला लागलं म्हणून आलो' हे ऐकलं की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. लग्नाच्या आधीपासून मशेरी लावतात, दिवसातून चार-पाच वेळा. परवा दात दुखतो म्हणाल्या म्हणून मी मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, बोटानं पुसला तरी जात नाही. चट्टा दुखत नाही. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात तिथं तुकडा काढतील आणि मग ते भडकेल. काय करू? – एक सूनबाई, कराड तालुका

अगं, आधी शाबास म्हणते तुला. सासूला तोंड उघडायला लावून आत टॉर्च मारणारी सून मी फार कमी पाहिलीय, आणि तू बघितलंस तेही नीट बघितलंस. पुसल्यावर जातो तो पांढरा थर बहुतेक बुरशीचा असतो. पुसून जात नाही तो ल्युकोप्लाकिया असू शकतो, आणि तंबाखू जिथं घासतात किंवा दाबून ठेवतात बरोबर त्याच जागी तो येतो. हा कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. सगळे चट्टे पुढे जात नाहीत, काही जातात, आणि कुठला जाणार हे नुसतं बघून मला काय कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तो तुकडा काढायचा असतो. चट्ट्यात लाल भाग दिसत असेल, किंवा खरखरीत गाठीसारखं लागत असेल, तर मात्र याच आठवड्यात ने.

आता ते 'भडकेल' प्रकरण. ही भीती सासूबाईंनी मनातून काढलेली नाही, गावात डोळ्यांनी बघितलेली आहे. होतं काय, माणूस आठ-आठ महिने अंगावर काढतो, अगदी तोंड उघडेना की मग नेतात, तुकडा काढतात, रिपोर्ट येतो, आणि दोन-तीन महिन्यांत माणूस जातो. मग गावात मागे काय राहतं तर 'हात लावला आणि भडकलं'. पण ते भडकलेलं आधीच होतं, तुकड्यानं फक्त कळलं. सासूबाईंना असं समजावून बघ, आणि हेही सांग की जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा कण घेतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, एखादा टाका पडला तर पडला, संध्याकाळी घरी येऊन मऊ भात खाता येतो. उपजिल्हा रुग्णालयातला दातांचा डॉक्टर किंवा कान-नाक-घशाचा डॉक्टर बघेल, किंवा जवळ डेंटल कॉलेज असेल तर तिथं अगदी थोडक्या पैशात होतं.

आणि मशेरी. मशेरी म्हणजे तंबाखूच गं, तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून तिच्यातलं विष जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका 'तंबाखू खाता का' विचारलं की ठाम 'नाही' म्हणायच्या, आणि खरंच त्या खोटं बोलत नसायच्या, त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची पूड. चिमूटभर डाव्या तळव्यावर घेऊन उंबऱ्यात बसून दहा-पंधरा मिनिटं घासत बसायचं, तेवढाच दिवसातला स्वतःचा निवांत वेळ. तो वेळ त्यांच्याकडून काढून घेऊ नका, हातातली पूड बदला, आणि एकदम सुटली नाही तर रागावू नका. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची फोन लाइन आहे, १८००-११२-३५६, पैसे पडत नाहीत.

हे बघणं वाया जात नाही याचा पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं नुसती उजेडात तपासली, आणि २००५ साली निकाल आला तेव्हा तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले होते. मशीन नाही, रक्त नाही, फक्त उजेड आणि शिकलेली नजर.

तुझ्या घरातल्या सगळ्यांनाच सांग, महिन्यातून एकदा आरशासमोर ओठ उलटून, दोन्ही गाल बोटानं ताणून, जीभ वर करून, जिभेच्या दोन्ही कडा बघायच्या. दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं कुठलंही फोड-जखम दाखवायची. आणि आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायचं. जात नसतील आणि तिखट खाल्लं की आग होत असेल तर ते सुपारीनं होतं, मावा, खर्रा, गुटखा सगळ्यात सुपारी असतेच. नुसती सुपारी, तंबाखू नसलेली, तीसुद्धा कॅन्सर करते, हे लोकांना अजून पटत नाही.

प्रश्न : आशाताई येऊन सी-बॅकचा (तब्येतीच्या प्रश्नांचा) फॉर्म भरून गेल्या, गुरुवारी उपकेंद्रावर पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाची तपासणी आहे, या म्हणाल्या. माझं वय ४४, पाळी नीट आहे, अंगावरून काही जात नाही. मालक म्हणतात बरं असताना कशाला हात लावायचा. आणि खरं सांगू का ताई, लाज वाटते. काय करतात नेमकं? – धाराशिव जिल्हा

लाज वाटते असं लिहिलंत ते बरं केलंत, कारण निम्म्या बायका यामुळेच येत नाहीत आणि कारण मात्र शेतातल्या कामाचं सांगतात.

काय करतात ते सगळं सांगते म्हणजे गुरुवारी काही अचानक वाटणार नाही. पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत टेबल असतं, तपासणारी बहुतेक नर्सच असते, तुम्हाला पुरुष नको असेल तर आधीच सांगा, तो तुमचा हक्क आहे. परकर वर घेऊन गुडघे दुमडून झोपायचं, वर चादर असते. एक स्वच्छ उपकरण आत सरकवतात, ते थोडं गार लागतं आणि दाब जाणवतो, अशा वेळी तोंडानं सावकाश श्वास सोडत राहा, अंग आवळलं की जास्त त्रास होतो. मग कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, नाव ऐकून घाबरू नका, हॉटेलात चायनीजवर टाकतात ते व्हिनेगर जवळपास तेवढंच असतं. थोडं चुरचुरतं. एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबी राहतो, आणि जिथं पेशी बदलायला लागल्यात तो भाग पांढरा दिसायला लागतो, तुपाचा थर गोठावा तसा. मी हजारो वेळा तो एक मिनिट थांबलेय आणि अजूनही त्या मिनिटात माझा जीव मुठीत असतो. बस, एवढंच. उठायचं आणि घरी. पाळी चालू असेल तर मात्र पुढची तारीख घ्या.

पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही. बऱ्याचदा पुढे तपासल्यावर काहीच निघत नाही, आणि निघालंच तर ती आधीची अवस्था असते, ती जागा गरम प्रोबने जाळून टाकतात, काही मिनिटांत होतं, पिशवी काढावी लागत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण 'पांढरं दिसतंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालून तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या मी बघितल्यात आणि त्याचा मला संताप येतो. असं कोणी म्हणालं तर कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

मालकांना असं सांगा की हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून येतो, आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्यांना येतो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, ना तुमच्या ना त्यांच्या. काहीजणींच्यात तो टिकून राहतो आणि कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे पकडायला एवढा मोठा वेळ देणारा हा कॅन्सर आहे. बरं असतानाच हात लावायचा तो याच्यासाठी.

आणि तुमच्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट, जी तुमच्याकडच्या बायकांनाच माहीत नसते. जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हा, १९९९ पासून, तिथल्या खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होते. ज्या गावांत एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, एचपीव्हीची टेस्ट केली तिथं आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये ते छापून आलं आणि आज जगभर एचपीव्ही टेस्टला पहिली पसंती देतात त्यामागे तुमच्याकडच्या त्या बायका आहेत. व्हिनेगरच्या तपासणीचा त्या अभ्यासात एवढा ठळक फायदा दिसला नव्हता हेही खरं, पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तीच तपासणी केली, करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या होत्या, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे एचपीव्ही टेस्ट मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर व्हिनेगरची करून घ्या, काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीनं बरी. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्यांना मात्र व्हिनेगरने नीट दिसत नाही कारण ती जागा आत सरकते, त्यांनी एचपीव्ही किंवा पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात ती तपासणी) करावी.

सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड या तिन्हीची तपासणी फुकट आहे, दर पाच वर्षांनी. तेव्हा गुरुवारी जा, आणि जाताना शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन जा, एकटीनं जायला जड जातं.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे. एचपीव्हीची लस द्यावी का? नणंद म्हणते पुढे मूल होत नाही. – सातारा

द्या. मूल न होण्याशी या लसीचा काही संबंध नाही. नववं ते चौदावं वर्ष सगळ्यात चांगलं, कारण शरीरसंबंध यायच्या कितीतरी आधी संरक्षण तयार होतं. खाजगी दवाखान्यात घेतली तर या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात, पंधराच्या पुढे सुरू केली तर तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, बाहेरच्या लसीपेक्षा स्वस्त. स्कॉटलंडने २००८ पासून शाळेत लस द्यायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर एकीलाही झालेला सापडला नाही. मोठी झाल्यावर तिशीत तपासणी तरीही करायची, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : मी ३६, बायको ३४, दोघं पुण्यात आयटीत. कंपनीच्या ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप केलं, त्यात 'कॅन्सर पॅनल' होतं. माझं सगळं नॉर्मल, पण तिचं सीए-१२५ हे ५२ आलं, नॉर्मल ३५ पर्यंत असतं. तीन रात्री झोपलो नाहीये. पेट स्कॅन करू का? – पुणे

नको, पेट स्कॅन नको. आधी झोपा दोघंही.

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं म्हणून त्याची भीती वाटते. पण ते पाळीच्या दिवसांत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये (पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढतं, फायब्रॉइडमध्ये (पिशवीतली साधी गाठ) वाढतं, गरोदरपणात वाढतं, पोटात कुठं सूज असली तरी वाढतं. ५२ हा आकडा ३४ वर्षांच्या बाईत बहुतेकदा असलंच काहीतरी असतो. रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का बघा, पाळीनंतर एकदा परत करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून एक साधी सोनोग्राफी करून घ्या. आई, मावशी, बहीण यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कमी वयात झाला असेल तर ते आवर्जून सांगा, मग गोष्ट वेगळी होते.

ही टेस्ट वाईट नाही, ज्याला आजार आहे त्याच्या उपचारावर लक्ष ठेवायला ती चांगली आहे, पण ठणठणीत माणसात कॅन्सर शोधायला ती बनलेलीच नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांवर वर्षानुवर्षं ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी वापरून बघितली, २०२१ मध्ये निकाल आला, अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियात तर चेकअपसोबत थोड्या पैशात गळ्याची सोनोग्राफी करायची पद्धत पडली, थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या मानाने २०११ मध्ये पंधरापट झालं, हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या, आणि मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे लवकर शोधणं चांगलं हे खरं असलं तरी कुठलीही टेस्ट कोणावरही करणं म्हणजे लवकर शोधणं नव्हे.

तुमच्या नॉर्मल रिपोर्टबद्दल मला उलटी काळजी आहे. पॅकेजमध्ये तुमचं तोंड कोणी उघडून बघितलं का? सिगारेट ओढता का, किती, हे विचारलं का? बायकोची एचपीव्ही किंवा पॅप झाली का? बहुतेक नाही, कारण त्याला माणूस लागतो आणि वेळ लागतो, रक्ताची नळी भरून पाठवणं सोपं असतं. पुढच्या वेळी पैसे तिकडे घाला.

प्रश्न : मोबाइल, मायक्रोवेव्ह, ॲल्युमिनियमची भांडी यामुळे कॅन्सर होतो का? – ठाणे

यातल्या कशामुळेही होतो असा भक्कम पुरावा नाही. हे विचारणाऱ्यांपैकी घरात कोणी तंबाखू खात असेल, रोज दारू घेत असेल, तर आधी तिकडे बघा. आणि हिपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर घ्या, ती लिव्हरच्या कॅन्सरपासून वाचवते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो, ५१ वर्षांचा. एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) पोस्टाने शौच तपासायचं किट आलंय, तीन महिने ड्रॉवरमध्ये पडून आहे, किळस वाटते. दुसरं म्हणजे बाबा सांगलीला असतात, वय ७६, वर्षभर शौचातून रक्त जातंय, ते मूळव्याधीचं चूर्ण घेतात. – स्लाव

तुमचं किट आज संध्याकाळी करून टाका. टॉयलेटमध्ये कागद पसरायचा, त्या छोट्या काडीनं खरवडायचं, बाटलीत घालून झाकण लावायचं, दोन मिनिटं. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. तिथं पन्नाशीपासून चौऱ्याहत्तरपर्यंत दर दोन वर्षांनी ते येणार आहे, पॉझिटिव्ह आलं तरी बहुतेकांना कॅन्सर निघत नाही, कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतडं आतून बघतात) एखादा मस्सा (पॉलिप) दिसला तर तिथल्या तिथं काढून टाकतात आणि पुढचा धोका कमी होतो.

बाबांची मात्र मला खरी काळजी वाटते. त्यांना किट नको, सर्जन हवा. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध आणि आतड्याचा कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात, आणि वर्षभर कोणी बोट घालूनसुद्धा तपासलं नाही हेच मोठं दुर्दैव. फोनवर त्यांना तीन गोष्टी विचारा, वजन उतरलंय का, शौचाची सवय बदललीय का, दम लागतो का. उत्तर काहीही आलं तरी कोलोनोस्कोपी करायला लावा, आधी हिमोग्लोबिन. बाबा मुलाशी असलं बोलायला लाजतील, तेव्हा फोनवर विचारून भागणार नसेल तर सांगलीतल्या एखाद्या भाच्याला, पुतण्याला सोबत पाठवा. आणि त्यांच्यात काही निघालं तर तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी आपापल्या डॉक्टरला ते सांगायचं, तुमच्या तपासण्या लवकर आणि जास्त वेळा होतील.

प्रश्न : वय ५२. अंघोळ करताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ लागली, दुखत नाही, सरकत नाही. घरी कोणाला सांगितलं नाही. मुलीचं लग्न वैशाखात आहे, त्यानंतर दाखवलं तर चालेल का? – मालेगाव

चालणार नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि अंक छापून यायच्या आधीच संपादकांकडून तुम्हाला मेल करून घेतलाय, तो बघितला नसेल तर हे वाचून तरी उठा.

गाठ कॅन्सरचीच आहे असं मी म्हणत नाही, स्तनातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण पन्नाशीनंतरची, टणक, न सरकणारी, न दुखणारी गाठ ही थांबवून ठेवायची गोष्ट नाही. तीन पायऱ्या असतात, डॉक्टर हातानं तपासतील, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, मग सुईनं गाठीचा बारीक तुकडा, ट्रू-कट म्हणतात त्याला. सुईनं कॅन्सर पसरत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर हातात येतं. साधी निघाली तर लग्नात निवांत मिरवाल. कॅन्सर निघाला तर बोराएवढा असताना बऱ्याचदा स्तन न काढता नुसती गाठ काढून भागतं, लिंबाएवढा झाल्यावर तसं राहत नाही, काखेत उतरतो. मुंबईत टाटाने वीस वर्षं जो अभ्यास केला, ज्यात कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासायच्या, त्यात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लवकर हात लागला म्हणून. तुमचा हात तर लागलाच आहे.

घरी सांगा. आधी मुलीला सांगा, नवऱ्याला नंतर. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मुलाचं लग्न उरकेपर्यंत थांबलेल्या, हळदीच्या दिवशी ब्लाउज ओला होत होता तरी पदराखाली फडकं धरून सगळ्यांना वाढत होत्या. मुलाला कळलं तेव्हा तो माझ्यासमोर खुर्चीत बसून रडत होता आणि एकच म्हणत होता, 'लग्न पुढं ढकललं असतं ना आई.'

पैशाचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, मोठ्या हॉस्पिटलात दाराशीच आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा. सोमवारी सकाळी मुलीला घेऊन निघा. तपासणीचा रिपोर्ट आला की काहीही असो, त्याचा फोटो काढून मासिकाच्या मेलवर पाठवा, पुढच्या अंकाची वाट न बघता मी उत्तर देईन.